पाठीमागचा श्वास

दिव्यानीनं रीनाला फेकलं. ठेवलं नाही, हातातून निसटलीही नाही; चक्क फेकलं. चुन्याच्या रेषेपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं होतं. रीना तिच्या उजव्या खांद्यावर पोटावर पालथी, पाय पुढं, डोकं मागं पाठीशी लोंबतंय, आणि दिव्यानीचा हात तिच्या गुडघ्यांमागं घट्ट. आता फक्त एक गुडघा टेकायचा, तिला हळूच पुढं सरकवून जमिनीवर बसवायचं, मानेमागं तळहात लावायचा आणि निजवायचं. आगीतून बाहेर काढलेल्या माणसाला असंच ठेवतात, आणि अग्निशामक दलाच्या भरतीत हेच बघतात. पण गुडघा टेकायच्या ऐवजी दिव्यानीचा खांदा एकदम वर उडाला, मागं झटकला गेला, आणि ती स्वतः टुणकन पुढं उडी मारून बाजूला झाली. मागं धप्पकन आवाज आला. तो आवाज इतका ओळखीचा होता की क्षणभर तिला बरंच वाटलं. मान मोकळी झाली, खांदे हलके झाले, आता आत जाऊन घटाघटा पाणी प्यायचं. मग तिनं वळून पाहिलं. रीना मातीत कुशीवर पडली होती. तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता.

"अवं पोरी, काय केलं हे?" आदेश सर शिट्टी तोंडातून काढत धावत आले. सर म्हणजे जन्म बंबावर घालवलेला माणूस. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून चंद्रपुरातल्या या शाळेच्या ग्राउंडवर पहाटे पोरींची तयारी करून घ्यायचे. "माणूस हाये ते माणूस! मोळी होय का, आंगणात आणून आपटाले?" बाकीच्या पोरी भोवती जमल्या. कुणीतरी पाणी आणलं. रीनाचा आवाज परत आला तेव्हा ती पहिल्यांदा काय म्हणाली, तर "काई नाई, काई नाई झालं," आणि एवढं बोलून पांढरीफटक पडली. दिव्यानी तिथंच उभी. तिच्या कानात 'आपटाले' नव्हतं, 'माणूस'ही नव्हतं. मोळी, एवढा एकच शब्द होता. सरांनी रागाच्या भरात काहीतरी बोलून टाकलं होतं आणि ते नेमकं खरं निघालं होतं. ऑटोत रीनाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यावरसुद्धा ती स्वतःच्या खांद्याकडे चोरून बघत होती. दुसऱ्या कुणाचा तरी खांदा आपल्याला लावून दिलाय, असं तिला वाटत होतं. एक्स-रे निघाला. हाड शाबूत होतं, पण आतले स्नायू चांगलेच दुखावले होते. डॉक्टर म्हणाले, हात गळ्यात बांधा आणि महिनाभर ओझं उचलू नका. रीना मान डोलावत ऐकत होती. महिन्याच्या आतच गडचिरोलीला भरती होती, हे डॉक्टरांना दोघींपैकी कुणीही सांगितलं नाही.

आता खांद्याला कुणी जाब विचारायचा? तो लहानपणापासून जे शिकला तेच त्यानं केलं. पोंभुर्ण्याच्या अलीकडं दिव्यानीचं गाव, गाव संपलं की जंगल. परकर गुडघ्यापर्यंत यायचा तेव्हापासून ती मायसोबत काड्या आणायला जायची. माय म्हणजे गुणाबाई, अंगानं काटकुळी, पण मोळी अशी बांधायची की अर्ध्या रस्त्यात एक काडी हलायची नाही. मोळी डोक्यावर घेणं अवघड नसतं. ती टाकणं अवघड असतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. मोळी हळू ठेवायची वस्तूच नव्हे. हळू ठेवायला वाकलं की सगळा भार मानेवर येतो आणि मान कायमची कामातून जाते. मानेला एक झटका द्यायचा, खांदा मागं मारायचा आणि त्याच दमात पुढं सरायचं, म्हणजे पायावर पडत नाही. माय अंगणात उभी राहून शिकवायची. "लाड नोको करू तिचे. फेक! आन् बाजूले हो!" चांगली फेकली की धप्प असा भरलेला आवाज यायचा, कोंबड्या पांगायच्या आणि माय खूश व्हायची. त्या आवाजात घर होतं, पाणी होतं, संध्याकाळचा भात होता. तोच आवाज आज ग्राउंडवर आला होता, आणि त्यात रीना होती.

पण एवढंच असतं तर निभावलं असतं. दिव्यानी चंद्रपुरातल्या तुकूममध्ये तिनं आणि रीनानं भाड्यानं घेतलेल्या खोलीत पडल्या पडल्या छताच्या पंख्याकडे बघत होती आणि तिच्या लक्षात येत होतं की एवढंच नाही. वाळूचं पोतं तिनं कितीतरी वेळा खांद्यावर नेलं होतं आणि दर वेळी लेकराला निजवावं तसं ठेवलं होतं. सर इतर पोरींना दाखवायचे, हिचं पाहा म्हणून. मग रीनालाच का? ती पुन्हा पुन्हा ती शेवटची पावलं आठवत होती. टी-शर्ट वर सरकला होता. कमरेच्या वर, पाठीच्या उघड्या पट्टीवर काहीतरी गरम लागलं होतं. लागून गेलं, परत लागलं. उलट्या टांगलेल्या रीनाला धाप लागली होती, दुसरं काय असणार? पण त्या क्षणी तिथं रीना नव्हती. पाठीमागं कुणीतरी श्वास घेत होतं. आणि पाठीमागच्या श्वासाचं काय करायचं, हे त्या गावातल्या प्रत्येक पोरीला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं असतं. डोक्यावर ओझं असलं की मान वळत नाही. म्हणून मागं काही वाटलं तर वळून बघत बसायचं नाही, पळायचंही नाही, पळालं की तो मागं लागतो. आधी डोक्यावरचं फेकायचं, बाजूला व्हायचं, मग मागं तोंड करून जीव खाऊन ओरडायचं. वाघ ओझ्यावर झेप घेतो म्हणतात, तेवढ्यात माणूस वाचतो. खरंखोटं वाघाला ठाऊक. दिव्यानीनं आजवर जंगलात कधीच वाघ पाहिला नव्हता. तरी तिच्या पाठीला तो चांगला ठाऊक होता, आणि ही गोष्ट तिला आजवर स्वतःची स्वतःलाही सांगता आली नव्हती.

तिनं ते रीनाला सांगितलं. सांगताना वाटलं, ही चिडेल. रीना धानोऱ्याकडच्या जंगलगावातली, गोंडाची पोर. बोलायला धीमी, हसायला मात्र एका पायावर तयार. ओढणीत हात अडकवून ती भिंतीला टेकून बसली होती. "म्हंजे मले वाघ समजली तू?" ती म्हणाली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, खांद्यातून कळ गेली असणार. "आमच्याकडं वाघापरीस अस्वलच लय. अस्वल तरी म्हणाची, बाप्पा." दिव्यानीला हसू येईना. "रीना, भरतीतला वाळूचा पुतळा मी ठेवीन वं. पुतळ्याले श्वास नाई. पण पुढं बंबावर गेल्यावर काय करू? धुरातून कोणाले काढलं आन् तो खोकलला माया पाठीवर, तं?" रीनानं ओढणीची गाठ सारखी केली. मग म्हणाली, "बोलत राहील तं? तुया पाठीवर जो हाये तो बोलत राहील, तं मंग वाघ नाई ना वाटणार? वाघ कुठी बोलते?" हे तिनं सहज म्हटलं. जंगलात जाणाऱ्या बायकांना हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना बायका सारख्या एकमेकींना आवाज देत राहतात. कामाचं काही नसतं त्यात. अवं कुठी हायेस, इथीच हाये, तुई सून आली का, नाई आली. आवाज येतोय तोवर बाई बाई आहे. आवाज थांबला की बाकीच्यांचे हात थांबतात.

यमुनाकाकूचा आवाज थांबला होता. दिव्यानी तेव्हा सातवीत होती. मोहाचा हंगाम, झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली, त्या काळ्या राखेवर पिवळी फुलं पडलेली. माय आणि यमुनाकाकू शेजारशेजारच्या झाडांखाली वाकून वेचत होत्या. एवढंच दिव्यानीला माहीत आहे, कारण तेवढंच मायनं सांगितलं. "म्या आवाज देल्ला. तिनं ओ देल्ली नाई." मग माय टोपलं फेकून गावापर्यंत ओरडत आली. माणसं काठ्या, डबे घेऊन गेली, तोवर सगळं उरकलेलं होतं. मायला कुणीही बोल लावला नाही. यमुनाकाकूच्या नवऱ्यानंसुद्धा, झाडूभाऊनं, चार माणसांसमोर म्हटलं की बाईनं बरोबर केलं, थांबली असती तर दोन गेल्या असत्या. बरोबरच केलं. पण त्या दिवसापासून माय घरात एकटी असली तरी बोलत असते. भांडी घासताना बोलते, तांदूळ निवडताना बोलते. कुणाशी बोलते वं, म्हटलं की म्हणते, कोणाशी नाई, तोंडाले सवय. दिव्यानीला पूर्वी याचं हसू यायचं. आता येत नव्हतं. टोपलं फेकताना मायला काय वाटलं असेल? मान मोकळी झाल्यावर क्षणभर, अगदी एक क्षणभर, तिला बरं वाटलं असेल का? हा प्रश्न कुणाला विचारायचा? फोनवर तर माय भलतंच विचारायची. "माणसं उचलाच्या का त्या नोकरीत? मेलेले का जिते?" दिव्यानी म्हणायची, जिते, जिते. मग पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज यायचा नाही, आणि तो थोडा वेळ दिव्यानीला सहन व्हायचा नाही.

त्यानंतर ग्राउंडवर एक गंमतच सुरू झाली, हसावं की रडावं अशी. एकमेकींना उचलायची वेळ आली की दिव्यानीसमोर कुणी येईना. साधना, जी एरवी कुणाच्याही पाठीवर उडी मारून बसायची, तिची कंबर दुखायला लागली. "आज नोको, दिव्यानी, मले बरं नाई लागून राह्यलं." दुसरीनं नुकतंच खाल्लं होतं. तिसरीनं काही कारण दिलं नाही, नुसती बुटाची नाडी बांधत बसली. तीच त्यातल्या त्यात प्रामाणिक. सरांनी दोन दिवस पाहिलं आणि तिला वाळूचं पोतं लावून दिलं. पोतं तिनं सुरेख ठेवलं. गुडघा टेकला, तळहात मानेमागं, म्हणजे जिथं मान असती तिथं. "झालं तं मंग!" सर म्हणाले. "परीक्षेत पुतळाच राह्यते. पुतळा काय फुंकर मारून राह्यला तुया पाठीवर? तू पास समज." त्यांनी धीर द्यायला म्हटलं, पण दिव्यानीला ते एखाद्या आरोपासारखं लागलं. म्हणजे जिवंत माणसाच्या बाबतीत ही पोर भरवशाची नाही, हे सरांनी धरूनच टाकलं होतं. दिवसा ती कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडायची. मागून कुणी बाई जवळ येऊन उभी राहिली की तिचा खांदा आपोआप उचलला जायचा. एकदा तर शेठाणी मागून काही सांगायला वाकल्या आणि तिच्या हातातला साड्यांचा गठ्ठा भिरकावला गेला. शेठाणी म्हणाल्या, लक्ष कुठं आहे तुझं. लक्ष तर तिथंच होतं, सगळंच्या सगळं, पाठीवर.

आणि रीना? रीनानं पंधरवडा व्हायच्या आत ओढणी सोडून टाकली. "झाला बरा," म्हणाली, आणि खरंच पळायला, शिडी चढायला लागली. दिव्यानी बारकाईनं बघत होती. रीना उजवा हात वापरत होती, बादली उचलत होती, दोरीलाही लोंबकळत होती. फक्त सकाळी आरशासमोर वेणी घालताना ती डाव्या हातानं कंगवा धरायची आणि मान कलती करून केसच हाताकडं आणायची. "दुखून राह्यला ना अजून?" दिव्यानीनं विचारलं. "हल्ले," रीना आपल्या भाषेत म्हणाली, नाही म्हणून, आणि वर आरशात हसली. खोटं बोलायचं असलं की ती गोंडीत बोलायची, हे दिव्यानीला एव्हाना कळलं होतं. रीनाचं भरतीचं वय यंदाच संपत होतं. पुढची भरती कधी निघेल देव जाणे, पण निघेल तेव्हा रीना त्यात नसणार. दिव्यानीला अजून वेळ होता. हे दोघींना माहीत होतं आणि दोघीही ते बोलायच्या नाहीत. खोलीत एकत्र जेवताना रीना डाव्या हाताला पाण्याचा पेला जवळ ठेवायची, आणि दिव्यानी जणू पाहिलंच नाही अशा थाटात तिच्या ताटात भाजी वाढायची.

भरतीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या मूल गावावरून गडचिरोलीला निघाल्या. खिडकीतून जंगल जात होतं, बरंचसं उघडंबोडकं, जागोजागी मोहाखाली जाळलेल्या पाल्याचा धूर. धुरात वाकलेल्या बायका दिसायच्या, लुगड्याचा रंग दिसायचा, परत जंगल. एक बाई वाकलेली, तिच्या जवळपास दुसरी कुणी दिसेना. दिव्यानी खिडकीला नाक लावून शोधत राहिली, कुठंतरी दुसरी असेल, असायलाच हवी. वळण आलं आणि दोघी असल्या तरी आता दिसणार नव्हत्या. रीना शेजारी झोपली होती. झोपेत तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटं जराशी वळलेली. दिव्यानीला वाटलं, हिला उठवावं आणि म्हणावं, तू माझ्यावर चीड. एकदा तरी शिवी दे. ही बाई मनात काहीच धरत नाही, मग माझ्या मनातलं मी कुठं ठेवू? पण झोपलेल्या माणसाला उठवून असलं बोलायचं नसतं. बस वैनगंगेच्या पुलावर आली, वाळूत पाण्याची बारीक धार चमकली, आणि रीना आपोआप जागी झाली.

मैदान मुरमाचं होतं, तापलेलं. धावणं झालं, शिडी झाली, उंचावरून ताणलेल्या जाळीत उडी झाली. दोघींचं सगळं नीट झालं. पुतळ्याची रांग मात्र पुढं सरकेना. एकच पुतळा, जाड कापडात वाळू आणि चिंध्या भरलेला. सकाळपासून किती पोरींनी त्याला उचललं आणि आदळलं असेल. अखेर एका पोरीच्या खांद्यावर असतानाच त्याची कूस उसवली आणि वाळू भळाभळा खाली आली. भरतीच्या साहेबांनी एकमेकांत कुजबुज केली. सुईदोरा कुणाकडं असणार! मग त्यातले एक टोपी सारखी करत म्हणाले, "आपापल्या वजनाची जोडीदार धरा. एकीनं दुसरीला रेषेपलीकडं न्यायचं, मग उलट. नीट ठेवलं नाही तर बाद." इतके दिवस ज्या एका गोष्टीच्या भरवशावर दिव्यानी इथवर आली होती, ती समोर मुरमावर वाळू होऊन पडली होती. तिनं साधनाकडं पाहिलं. साधना भलतीकडं बघत होती. तिला तरी काय दोष द्यायचा? रांगेत भराभर जोड्या झाल्या, कुणी कुणाचा हात धरला, कुणी हसून खांदा मोजला. आणि मग रीना आली. काही न बोलता शेजारी उभी राहिली. "नोको, रीना," दिव्यानी म्हणाली. "दुसरी पाह्य. तुयावाला खांदा..." "दुसरी कोण येते तुयाकडं?" रीना म्हणाली. "मी बोलत राहतो. भेव नोको."

रीनाला खांद्यावर घेताना दिव्यानीला कळलं की ती वजनानं तेवढीच आहे, पण आपण पहिल्यापेक्षा जास्त घट्ट धरलंय. पाय निघाले. रीना मागून हळू आवाजात बोलत होती, काय वाट्टेल ते. "टोपीवाल्याचं पोट पाह्य. त्याले उचलाले लावते तं सगळ्याच बाद. ऊन किती वं. घरी गेल्यावर आंबील करू. पायतानं तापले असतील." शब्द पाठीवर पडत होते, आणि शब्दांच्या मधे श्वास, आणि श्वासाच्या मागं परत शब्द. दिव्यानी चालत होती. चुन्याची रेषा दिसायला लागली, आणि मागचे शब्द थांबले. आधी वाटलं, दम खात असेल. "रीना?" ती म्हणाली. काही नाही. नुसता श्वास, गरम, तुटक, दातांतून आल्यासारखा. "रीना, ओ दे." काही नाही. खांदा वर उचलला गेला. त्याला सगळं माहीत होतं, झटका कुठून द्यायचा, पाय कुठं टाकायचा. आत्ता, आत्ता फेक. आणि त्याच घटकेला तिला माय दिसली, राखेवर उभी, हातात टोपलं, तोंडातून यमुना, यमुना. ओ आली नाही म्हणजे मागं वाघ आहे, असंच सगळे समजून चालले होते. पण ओ आली नाही म्हणजे यमुनाकाकूला काहीतरी होत होतं, आत्ता, या क्षणी होत होतं. दोन्ही एकदमच खरं असतं आणि माणसाला एकच निवडायचं असतं. दिव्यानीनं रीनाच्या गुडघ्यांत नखं रुतवली आणि धरून ठेवलं. धीरबीर काही नव्हता, नुसतं सोडायचं नाही एवढंच होतं. तिनं रेषा ओलांडली, गुडघा मुरमावर टेकला, रीनाला पुढं सरकवलं, मानेमागं तळहात घातला आणि तिला निजवलं.

रीनाच्या तोंडात स्वतःच्या टी-शर्टची कॉलर होती. तिनं ती दातांत घट्ट धरून ठेवली होती. डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं. तिनं कॉलर सोडली आणि म्हणाली, "खांद्यात कळ आली होती. वरडली असती तं तू फेकली असती मले." आणि वर हसली. दिव्यानीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. वरून साहेबांचा आवाज आला, "छान. पास. आता उलट करा, हिनं तुम्हाला न्यायचं." दिव्यानी उठून उभी राहिली. "साहेब, तिचा खांदा दुखून राह्यला. दुसऱ्या कोणाले तरी..." "चालणार नाही असं. जोडी ठरली. नाहीतर बाजूला व्हा, मागं रांग आहे." रीना मुरूम झटकत उठली. "काई नाई होत," ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

मग जग उलटं झालं. दिव्यानी रीनाच्या डाव्या खांद्यावर होती, डोकं खाली. डोळ्यांसमोर तापलेला मुरूम, आणि रीनाच्या बुटांच्या टाचा एकामागून एक वर येत होत्या. इतक्या दिवसांत तिला कुणीच उचललं नव्हतं, खांद्यावर पडून राहायचं कसं, हे ती विसरूनच गेली होती. पोटात खांदा रुतत होता, रक्त डोक्यात उतरत होतं, आणि आपण इथं काहीच करू शकत नाही, ही गोष्ट तिला पहिल्यांदा पूर्ण कळली. हलकं होता येत नाही. चालून देता येत नाही. हात खाली टेकवला तर रीना बाद. बोलावं का? काय बोलावं? सगळं बोलणं चुकीचं वाटत होतं. रीनाच्या उजव्या हाताची पकड तिच्या पिंढऱ्यांवर होती, आणि ती पकड थरथरायला लागली. सैल झाली. परत आवळली. परत सैल झाली. "रीना, टाक मले," दिव्यानी ओरडली. "फेक! मले काई होत नाई! फेक आन् रेषेवर जा!" असं करून चालत नव्हतं, तिला माहीत होतं. तरी तिच्या तोंडातून तेच निघालं. रीना थांबली. टाचा जुळल्या. दिव्यानीला वाटलं, आता धप्प होणार, आणि तिनं डोळे मिटले, अंग आवळलं आणि वाट पाहिली. पण तिचा खांदा जमिनीला लागलाच नाही. एक गुडघा टेकल्याचा आवाज आला. ती हळूहळू पुढं सरकली, पाठ मुरमाला लागली, मग मानेमागं एक तळहात आला, घामानं ओला, आणि तिचं डोकं अलगद खाली ठेवलं गेलं.

तिनं डोळे उघडले. वर कोरडं आभाळ आणि रीनाचा चेहरा. तिनं मान मागं वळवली. रेषा अजून पुढंच, डोक्याच्या पलीकडं होती, हात लांब केला असता तर लागली असती एवढीच दूर. साहेबांनी शिट्टी मारली आणि पुढच्या जोडीला हाक दिली. "ओ, उठा तिथून, मैदान मोकळं करा." दिव्यानीला उठवेना. रीनाचा तळहात अजून तिच्या मानेखालीच होता आणि ती वाकून तिच्याकडंच बघत होती, रेषेकडं नाही.

"लागलं तं नाई ना वं तुले?" रीनानं विचारलं.